चौदा चालींची बरोबरी: ड्रॉ झालेला डाव कसा उलगडायचा

बुद्धिबळ स्पर्धेच्या चौथ्या फेरीतून पुतणी अवघ्या पस्तीस मिनिटांत बाहेर आली. मे महिन्यातलं सांगलीचं ऊन, हॉलबाहेर पालकांची गर्दी, आणि ही हसत हसत आली. "काका, ड्रॉ! सोळाशे ऐंशीवाला होता." तिचं स्वतःचं रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद सांगणारा आकडा, १४८०. स्कोअरशीटची, म्हणजे चाली लिहिलेल्या कागदाची, चौघडी करून तिने ती पिशवीत टाकली आणि भडंगाची पुडी बाहेर काढली.

मी पुडी तिच्याकडेच ठेवली, स्कोअरशीट मात्र काढून घेतली. हरलेला डाव आपण झुरत झुरत तपासतो. जिंकलेला डाव येईल त्याला दाखवतो. बरोबरीत सुटलेला डाव मात्र पिशवीत जातो आणि तिथेच राहतो. कितीतरी वर्षं मीही हेच केलं. आता मला वाटतं की शिकायला सगळ्यात जास्त ड्रॉच्या डावातच असतं. बरोबरी दोघांच्या हातून होते, म्हणजे "नाही, मी पुढे खेळतो" असं म्हणायची संधी दोघांनाही मिळून गेलेली असते. त्या संधी शोधून काढायच्या, एवढंच या सगळ्या अभ्यासाचं काम.

सांगलीत हे सांगायला वेगळं बळ येतं. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी या गावाला पटाची गोडी लावली. भाग्यश्री साठे, म्हणजे पुढच्या भाग्यश्री ठिपसे, आणि स्वाती घाटे याच गावातून पुढे गेल्या. लहानपणी मी इथल्या स्पर्धांत एक गोष्ट नेहमी पाहायचो. डाव संपला की दोन्ही खेळाडू बाहेरच्या पायरीवर पट मांडून बसायचे आणि तोच डाव पुन्हा खेळायचे. हल्ली डाव संपताच हात मोबाइलकडे जातो. तो आधी आवरा.

त्याच संध्याकाळी, इंजिन बंद ठेवून

डाव झाला त्याच दिवशी बसा, इंजिन म्हणजे डाव तपासणारा संगणक प्रोग्राम न उघडता. दुसऱ्या दिवशी चाली आठवतात, पण त्या चालींमागचे विचार पुसले जातात. समोर लाकडी पट, हातात पेन, आणि स्कोअरशीट एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून घ्यायची. प्रत्येक चालीपुढे तीन गोष्टी लिहायच्या: अंदाजे किती वेळ लागला, तेव्हा कशाची भीती वाटत होती, आणि दुसरी कोणती चाल मनात येऊन गेली. रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळाच्या डावांत, चालींची नोंद सक्तीची नसते, त्यामुळे तिथे आठवणीवरच भिस्त. मग तर घरी पोचायचीही वाट पाहू नका.

मुलं "भीती" या रकान्याला लाजतात. तिथे बाहेरून दबाव आणायचा नाही. मी आधी माझ्या एका जुन्या डावातली भीती सांगितली, तेव्हा ती बोलू लागली.

तिचा डाव असा. पट्ट्यांना नेहमीची नावं आहेत, पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच. घो म्हणजे घोडा, उं म्हणजे उंट, व म्हणजे वजीर, ह म्हणजे हत्ती, रा म्हणजे राजा. आकड्यापुढे तीन टिंबं असली तर ती काळ्याची चाल. फुलीची खूण मारल्याची, अधिकची खूण शहाची.

१. ई४ ई५ २. घो एफ३ घो सी६ ३. उं सी४ उं सी५ ४. सी३ घो एफ६ ५. डी४ ई×डी४ ६. सी×डी४ उं बी४+ ७. उं डी२ उं×डी२+ ८. घो बी×डी२ डी५ ९. ई×डी५ घो×डी५ १०. व बी३ घो ए५ ११. व ए४+ घो सी६ १२. व बी३ घो ए५ १३. व ए४+ घो सी६ १४. व बी३, आणि बरोबरी.

पहिल्या नऊ चालींना तिला सहा मिनिटं लागली होती. दहाव्या चालीला अकरा. बाराव्या चालीला मात्र फक्त वीस सेकंद. हे आकडे मी कागदावर गोल करून ठेवले. वेळ कुठे गेला आणि कुठे गेलाच नाही, हे बघितलं की निम्मा डाव उलगडतो.

बरोबरी नेमकी कशी झाली?

"ड्रॉ झाला" या दोन शब्दांत बऱ्याच गोष्टी लपतात. स्टेलमेट झालं का, म्हणजे शह नसताना चालच उरली नाही का? मात करण्याइतके मोहरेच उरले नाहीत का? पन्नास चालींत एकही प्यादं हललं नाही आणि काही मारलंही गेलं नाही, म्हणून दावा केला का? सततच्या शहातून सुटका नव्हती का? तीच स्थिती तीनदा आली का? की दोघांनी हात मिळवले? प्रत्येकातून शिकायचं वेगळं असतं, म्हणून कागदाच्या डोक्यावर हे आधी लिहा.

इथे तीच स्थिती तीनदा आली. पण ती नेमकी कधी आली, हे पुतणीला नीट माहीत नव्हतं, आणि त्यावरून हॉलमध्ये छोटा गोंधळ झाला होता. तिने १४ वी चाल खेळली, घड्याळ दाबलं, आणि मग हात वर करून पंचांना सांगितलं, "तीनदा झालं." पंच म्हणाले, "आता चाल तुझी नाही, दावा तुला करता येणार नाही." समोरच्या मुलाने मान डोलावली, त्यानेच दावा केला आणि प्रश्न मिटला. पंचांचं बरोबर होतं. त्या मुलाला पुढे खेळायचं असतं तर तो वेगळी चाल खेळून मोकळा झाला असता.

नियम असा आहे. दावा ज्याची चाल आहे त्यानेच करायचा, आणि त्याचे दोन मार्ग. तुमच्या चालीने ती स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल, तर चाल पटावर करायची नाही. ती स्कोअरशीटवर लिहायची, घड्याळ थांबवायचं, पंचांना बोलवायचं आणि "ही चाल करणार आहे, त्याने स्थिती तिसऱ्यांदा येते" असं सांगायचं. लिहिलेली चाल मग बदलता येत नाही. दुसरा मार्ग असा की प्रतिस्पर्ध्याच्या चालीने स्थिती तिसऱ्यांदा आली आणि आता चाल तुमची आहे, तर काहीही न खेळता दावा करायचा. मोहऱ्याला चाल करण्यासाठी हात लागला की त्या चालीपुरता हक्क संपला. दावा चुकीचा निघाला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जास्त मिळतात आणि डाव पुढे चालू राहतो. तीच स्थिती पाच वेळा आली, किंवा पंच्याहत्तर चाली कुणी काही न मारता आणि प्यादं न हलवता गेल्या, तर दाव्याचीही गरज नाही. डाव आपोआप बरोबरीत सुटतो.

आता मोजू. १० व्या चालीला वजीर बी३ वर आला, काळ्याचा घोडा सी६ वर, चाल काळ्याची. ही पहिली वेळ. १२. व बी३ ने दुसरी. १४. व बी३ ने तिसरी. म्हणजे पुतणीने १४ वी चाल लिहून, वजिराला हात न लावता, दावा करायला हवा होता. मी तिला पटावर हे तीनदा करायला लावलं: लिही, घड्याळ थांबव, हात वर कर. आणखी एक गोष्ट मुलांना सांगा. स्थिती "तीच" असायची तर मोहरे त्याच घरांवर, चाल त्याच बाजूची, आणि किल्लेकोटाचे (राजा-हत्तीच्या एकत्र चालीचे) हक्कही तेच असावे लागतात. मधे राजा एकदा हलून परत आला तर पट डोळ्यांना सारखाच दिसतो, पण नियमाच्या दृष्टीने स्थिती बदललेली असते. इथे दोघांचेही राजे आणि हत्ती जागचे हलले नव्हते, म्हणून मोजणी बरोबर होती.

आपसांत बरोबरी करायची असेल तर क्रम वेगळा: आधी चाल करायची, मग तोंडाने प्रस्ताव द्यायचा, मग घड्याळ दाबायचं. स्कोअरशीटवर दोघांनीही बरोबरचं चिन्ह लिहायचं. दिलेला प्रस्ताव मागे घेता येत नाही. काही स्पर्धांत ठरावीक चालींच्या आधी आपसांत बरोबरी करायला बंदी असते, म्हणून पहिल्या फेरीआधीच नियम वाचून घ्या.

ओपनिंग: इटालियन, आणि तिच्या पोटातलं एकटं प्यादं

डावाचा अभ्यास म्हटलं की बरेच जण लगेच ओपनिंगचं, म्हणजे सुरुवातीच्या चालींचं, नाव शोधतात आणि तिथेच थांबतात. नाव उपयोगी आहे, कारण नावाने शोधता येतं. ही इटालियन ओपनिंग, जिला जुन्या इटालियन भाषेत शांत खेळ या अर्थाचं नाव आहे. ओपनिंगच्या विश्वकोशातला संकेतांक सी५४. इटलीचा खेळाडू ग्रेको सतराव्या शतकात सी३ आणि डी४ च्या याच कल्पना वहीत लिहून गेला. म्हणजे पुतणी चारशे वर्षं जुन्या वाटेने चालली होती. तिला याचा फार आनंद झाला, आणि तो व्हायलाच हवा.

नावापेक्षा महत्त्वाचं काम पुढे आहे: प्रत्येक चालीला "का" विचारायचं. पुस्तकात आहे, हे उत्तर चालणार नाही.

४. सी३ का? कारण पुढे डी४ खेळलं आणि काळ्याने मारलं, तर सीच्या प्याद्याने परत मारून मधोमध डी४ आणि ई४ अशी दोन प्यादी शेजारी उभी राहतात. ती पुढे सरकली तर काळ्याच्या घोड्यांना पळापळ होते. ६... उं बी४+ का? कारण काळ्याला हे केंद्र एका झटक्यात मोडायचं आहे आणि शह देऊन तो त्यासाठी वेळ मिळवतो. ८... डी५ का? इथे पुतणी अडखळली. मी पटावर ही चाल काढून त्याऐवजी काळ्याला किल्लेकोट करायला लावला, आणि मग पांढऱ्याचं ई५ आणि त्यामागून डी५ कसं ढकलता येतं ते दाखवलं. तिला लगेच उमजलं. डी५ हा काळ्याचा श्वास आहे. तो आत्ता घेतला नाही तर पुढे अवघड जातं.

याच वाटेवर दोन फाटे आहेत आणि ते ठाऊक हवेत. ७. घो सी३ हा पहिला. ई४ चं प्यादं सोडून देऊन पांढरा घोडा पुढे काढतो: ७... घो×ई४ ८. किल्लेकोट उं×सी३ ९. डी५. याला डेन्मार्कच्या मोलरचं नाव आहे. खूप मारामारी होते, पण दोन्ही बाजूंनी नीट उत्तरं दिली की त्यातल्या एका प्रसिद्ध धारेचा, म्हणजे चालींच्या मालिकेचा, शेवटही सततच्या शहाने बरोबरीत होतो. दुसरा फाटा ७. उं डी२ नंतर काळ्याचा: ७... घो×ई४ ८. उं×बी४ घो×बी४ ९. उं×एफ७+ रा×एफ७ १०. व बी३+, आणि वजीर बी४ वरचा घोडा परत मिळवतो. लहान मुलांना उंट एफ७ वर मारून देणं फार आवडतं. इथे मात्र त्याचा हिशेब चुकता होतो, म्हणून ही धार त्यांना नक्की दाखवा.

आता नवव्या चालीनंतरची स्थिती पटावर ठेवा आणि प्यादी मोजा. दोघांची सहा-सहा. पांढऱ्याची ए, बी, डी, एफ, जी, एच. काळ्याची ए, बी, सी, एफ, जी, एच. पांढऱ्याचं डी४ चं प्यादं एकटं आहे, शेजारच्या सी आणि ई पट्टीवर त्याचं कुणी नाही. पुढचा सगळा डाव या एका प्याद्याभोवती फिरायला हवा होता. त्याच्या पुढचं डी५ हे घर काळ्याच्या घोड्यासाठी सिंहासन आहे, कारण तिथून त्याला हुसकवायला पांढऱ्याकडे प्यादंच नाही. उलट त्या प्याद्यामुळे ई५ आणि सी५ ही घरं पांढऱ्याच्या घोड्यांना मिळतात आणि ई पट्टी हत्तीसाठी मोकळी असते. जुन्या काळचा मोठा खेळाडू निमझोविच याचं सांगणं होतं की अशा प्याद्याला आधी आवरावं, मग अडवावं, शेवटी मारावं. पुतणीने वहीत याची एक ओळ करून घेतली: "मोहरे जास्त तर प्यादं माझं बळ, मोहरे कमी तर माझं ओझं." माझ्या मते एकट्या प्याद्याबद्दल बारा वर्षांच्या मुलीला एवढं कळलं तर पुष्कळ झालं.

दरवाजे शोधणं

हा या अभ्यासाचा गाभा, इथे घाई करू नका. डाव शेवटून मागे न्या आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: इथे कोण नकार देऊ शकत होतं?

१२ व्या चालीपासून सुरू करू. पांढऱ्याचा वजीर ए४ वर, काळ्याचा घोडा सी६ वर परतलेला, चाल पांढऱ्याची. वजीर पुन्हा बी३ वर न नेता पांढरा दुसरं काहीही खेळू शकत होता. म्हणजे हा दरवाजा पुतणीचा होता. मी पटावर काही न बोलता थांबलो. दोन मिनिटांनी ती म्हणाली, "किल्लेकोट?" हो. १२. किल्लेकोट ही सगळ्यात साधी आणि भक्कम चाल. राजा सुरक्षित, हत्ती ई१ कडे निघायला तयार, वजीर ए४ वर वाईट नाही. एक सावधगिरी हवी. काळ्याची घो बी६ ही चाल वजीर आणि उंट दोघांना एकदम टोचते. उंटाला डी२ च्या घोड्याचं संरक्षण आहे, त्यामुळे फुकट काही जात नाही, पण वजीर बी३ वर परत येतो आणि काळ्याला उंटाच्या बदल्यात घोडा देता येतो. ते चालतं का, हे आधीच ठरवून ठेवावं. मला चालतं असं वाटतं. डाव समतोल राहतो, पण जिवंतही राहतो.

तिने पुढे १२. घो ई५ सुचवलं. सी६ च्या घोड्यावर दोघांचा मारा, दिसायला जोरदार. आम्ही ते खेळून पाहिलं: १२... किल्लेकोट १३. घो×सी६ व ई८+. आता वजिराचा शह आहे, पांढऱ्याचा राजा अजून मध्येच आहे, आणि काळा आपला घोडा परत मिळवतो. पांढऱ्याने तरीही मधे घोडा घालून झटका दिला, १४. घो ई७+, तर १४... व×ई७+, पुन्हा शह आणि पुन्हा हिशेब बरोबर. तिने हे स्वतः शोधलं. मी फक्त घड्याळाकडे बघत होतो. पावणेदहा वाजले होते, आणि डाव खेळताना जिथे तिने वीस सेकंद दिले होते तिथे आम्ही पंचवीस मिनिटं घालवली होती. तिसरा पर्याय १२. उं बी५. घोडा मारून काळ्याची सी पट्टीवर दुहेरी प्यादी करायची. त्याच्या बदल्यात काळ्याला बी पट्टी मोकळी मिळते. वाईट नाही, पण किल्लेकोटाइतकं सोपं नाही.

आता काळ्याचा दरवाजा. १० व्या आणि पुन्हा १२ व्या चालीला त्याने घोडा ए५ वर नेला. तिथे त्याच्याकडे घो सी-ई७ होती. सी६ चा घोडा ई७ वर जातो, डी५ च्या घोड्याला आधार देतो, आणि पुढे ११. किल्लेकोट किल्लेकोट १२. ह एफ-ई१ सी६ अशी धार चालते. काळ्याने डी५ वर बैठक पक्की केली, मोहरे हळूहळू बदलले, की शेवटाकडे डी४ चं प्यादं जपायचं ओझं पांढऱ्यावर. रेटिंगने वर असलेल्या खेळाडूला हाच दरवाजा जास्त योग्य होता.

पण तो त्याने का घेतला नाही? मी पुतणीला अंदाज बांधायला सांगितलं. "तो कंटाळला होता का?" "नाही, त्याला पण दहाव्या चालीला खूप वेळ लागला." म्हणजे त्यालाही भीती वाटत होती, हे तिच्या तेव्हा प्रथमच लक्षात आलं. डी५ वर दोघांचा मारा, मागे एफ७ उघडं, राजा अजून मध्ये. त्याने सुटकेचा सोपा रस्ता धरला. तुमच्या अभ्यासात प्रतिस्पर्ध्याच्या भीतीचाही एक रकाना ठेवा. पुढच्या वेळी तोच समोर आला तर उपयोग होतो.

आणखी मागे गेलं की पांढऱ्याचा आधीचा दरवाजा दिसतो: १०. व बी३ च्या ऐवजी १०. किल्लेकोट. तिने दहाव्या चालीला अकरा मिनिटं दिली होती ती यासाठीच, पण मन बनलं ते वजिराच्या हल्ल्याकडे. आणि पाचव्या चालीला डी४ ऐवजी डी३ खेळून सगळाच डाव संथ करता आला असता. हल्लीचे मोठे खेळाडू इटालियनमध्ये बहुधा तेच करतात. ज्याला वारंवार बरोबरी नको आहे त्याने या धारेपासून पाचव्या चालीलाच फारकत घ्यावी, असं माझं मत आहे. पण शिकणाऱ्या मुलांना मी डी४ च खेळायला देतो. एकट्या प्याद्याचं सुखदुःख डी३ मधून कळत नाही.

हिशेबाची एक गोष्ट

रेटिंगमधला फरक २०० असेल तर खालच्या खेळाडूकडून अपेक्षित गुण ०.२४. अर्धा गुण मिळाला म्हणजे ०.२६ जास्त. अठरा वर्षांखालच्या आणि २३०० च्या खाली असलेल्या खेळाडूला गुणक ४०, म्हणून पुतणीला १०.४ रेटिंग मिळणार. ती खूश होती ते उगाच नव्हतं. शेवटच्या फेरीत अर्ध्या गुणाने बक्षीस पक्कं होत असेल तर हीच पुनरावृत्ती मीही खेळायला सांगेन. ठरवून बरोबरी करणं मोठ्यांतही चालतं. बर्लिन बचाव या ओपनिंगमधली ही धार पाहा: १. ई४ ई५ २. घो एफ३ घो सी६ ३. उं बी५ घो एफ६ ४. किल्लेकोट घो×ई४ ५. डी४ घो डी६ ६. डी×ई५ घो×बी५ ७. ए४ घो बी-डी४ ८. घो×डी४ घो×डी४ ९. व×डी४ डी५ १०. ई×डी६ व×डी६ ११. व ई४+ व ई६ १२. व डी४ व डी६ १३. व ई४+ व ई६ १४. व डी४ व डी६. हीसुद्धा चौदाच चालींची. २०१८ मध्ये लंडनला कार्लसन आणि कारुआना यांच्या विश्वविजेतेपदाच्या लढतीतले सगळेच्या सगळे १२ क्लासिकल (लांब वेळाचे) डाव बरोबरीत सुटले, आणि मग रॅपिडमध्ये कार्लसनने निकाल लावला. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनेही २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीविरुद्ध दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत ठेवले आणि रॅपिडमध्ये विजेतेपद घेतलं.

फरक इतकाच की ते ठरवून करतात. चौथ्या फेरीत, पुढे पाच फेऱ्या शिल्लक असताना, वीस सेकंदांत केलेली बरोबरी ठरवलेली नव्हती. पुतणीलाही हे मान्य होतं, पण ते तिने स्वतःहून म्हणावं याची मी वाट पाहिली.

आता इंजिन

दुसऱ्या दिवशी. आधी नाही. लिचेस या संकेतस्थळावर डाव मोफत टाकता येतो आणि स्टॉकफिश या इंजिनकडून तपासता येतो. तिथेच ओपनिंगची माहितीही मिळते: कोणत्या स्थितीत मास्टर खेळाडूंनी काय खेळलं आणि निकाल काय लागले. आपल्या कागदावरचे निष्कर्ष एका बाजूला आणि इंजिनचे दुसऱ्या बाजूला लिहा. जिथे दोन्ही वेगळे, तिथेच थांबा.

पालक शून्यावर फसतात. इंजिन १२. व बी३ ला आणि किल्लेकोटाला जवळपास सारखाच आकडा देतं, शून्याच्या आसपास, म्हणजे दोघं समान. मग मूल म्हणतं, "बघ काका, काही फरक नाही." फरक आहे. पहिल्या शून्यात डाव संपतो. दुसऱ्या शून्यात सव्वीस मोहरे आणि प्यादी पटावर असतात, समोर माणूस असतो आणि तो चुकू शकतो. आकडा सारखा असला तरी माणसाला कोणती स्थिती खेळायला सोपी आहे हे इंजिन सांगत नाही. ते तुम्हीच ठरवायचं.

खेळून पाहणं

वाचून झालेला अभ्यास आठवडाभर टिकतो. त्याच स्थितीतून खेळलेले चार डाव वर्षभर टिकतात. १२. किल्लेकोट नंतरची स्थिती मांडा, प्रत्येकी पंधरा मिनिटं ठेवा, दोन डाव पांढऱ्याने आणि दोन काळ्याने. विश्रामबागेतल्या आमच्या गॅलरीत आम्ही हे सलग दोन रात्री केलं. पुतणी पांढऱ्याने पहिला डाव हरली. तिने घाईने सगळे मोहरे बदलून टाकले आणि शेवटी डी४ पडलं. दुसऱ्यात तिने घोडा ई५ वर रोवला, हत्ती ई पट्टीवर आणला आणि मला घाम फोडला. काळ्याने खेळताना तिने १०... घो सी-ई७ ची धार मागितली आणि डी५ चं घर शेवटपर्यंत सोडलं नाही. ज्या प्याद्यासाठी पांढऱ्याने ती झगडली तेच काळ्याने अडवताना तिला त्याच्या दोन्ही बाजू कळल्या. घरी जोडीदार नसेल तर इंजिनविरुद्ध खेळू नका, मुलाचं मन मोडतं. शेजारच्या गल्लीत कुणीतरी खेळणारं सापडतंच.

ज्यांचा ड्रॉ लांबलचक झालाय त्यांनी शेवटाकडून सुरुवात करावी. सात किंवा कमी मोहरे उरले असतील तर टेबलबेस, म्हणजे शेवटच्या स्थितींच्या तयार उत्तरांचा साठा, नक्की उत्तर देतं. हत्ती आणि प्यादं विरुद्ध हत्ती असेल तर फिलिडोरचा बचाव आधी पाठ करा: राजा प्याद्याच्या बढतीच्या घरावर, हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या आडव्या पट्टीवर, आणि प्यादं त्या पट्टीवर आलं की लगेच हत्ती टोकाला नेऊन मागून शह. हे एवढं येत असेल तर हातातून निसटणारे कित्येक अर्धे गुण वाचतात.

पुढच्या रविवारी सहाव्या फेरीत तिला पुन्हा पांढरे मिळाले, आणि पुन्हा तीच इटालियन, घोडा पुन्हा ए५ वर. ११. व ए४+ घो सी६. तिने आठ मिनिटं घेतली आणि किल्लेकोट केला. मी काचेबाहेरून पाहत होतो. चाळिसाव्या चालीच्या आसपास डी४ चं प्यादं गेलं, आणि हत्तींच्या शेवटात तिचा हत्ती तिसऱ्या पट्टीवर जाऊन बसला. प्यादं पुढे आलं, हत्ती टोकाला गेला, मागून शह सुरू झाले. ६३ चाली, बरोबरी.

बाहेर आली तेव्हा भडंगाची पुडी तिने माझ्या हातात दिली, पायरीवर पट मांडला आणि समोरच्या मुलीला म्हणाली, "बस ना, दहाव्या चालीपासून बघूया."